ओत्ताविओची चकाकी

ओत्ताविओ बोर्दिन्योन पॅनसमोर उभा राहायचा तो उजवा पाय किंचित पुढे टाकून. डावा हात पॅनच्या कडेवर. पॅन म्हणजे तिरका बसवलेला, पोट सुटलेला तांब्याचा हंडा. मोटर त्याला संथ फिरवत राहायची आणि आत गोळ्या एकमेकींवर लोळत राहायच्या. वरून पाकाची झारी, मागून गरम वारा. पुन्हा पाक, पुन्हा वारा. कडू गोळीवर साखरेची अशी पुटं चढवत न्यायची. सुरुवातीला गोळी उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. शेवटी मोत्यासारखी होते. मधलं सगळं काम हाताचं आणि कानाचं. गोळ्या ओल्या असल्या की धप्प पडतात, वाळल्या की खुळखुळतात. ज्याला हा फरक ऐकू येत नाही त्याने या खोलीत येऊ नये, असं ओत्ताविओ म्हणायचा. मी त्याच खोलीत चाळण्यांवर आणि वाळवणाच्या ट्रेवर होतो. मला तो फरक ऐकू यायला बराच काळ लागला.

आमचा औषधांचा कारखाना अ‍ॅडलेडच्या पश्चिम भागात, पोर्ट रोडवरून आत वळलं की होता. भर उन्हाळ्यात, फेब्रुवारीत, उत्तरेचा तापलेला वारा सुटला की केल नोस्के म्हणायचा, पॅनचा हीटर बंद करा आणि खिडकी उघडा, काम होऊन जाईल. केल दुसऱ्या पॅनवर होता. बारोसा खोऱ्यातल्या जर्मन घराण्यातला, पोट पॅनसारखंच सुटलेलं. हिवाळाभर पोर्ट अ‍ॅडलेडच्या फुटबॉलबद्दल बोलायचा आणि उन्हाळाभर हिवाळ्याची वाट बघायचा. काम ठीक करायचा. पण चहाच्या सुट्टीची घंटा वाजली की झारी हवेत सोडून निघून जाईल, इतक्या तत्परतेने जायचा.

ओत्ताविओ जायचा नाही.

"चल रे ऑटी, चहा गार होतोय."

"चहा पुन्हा गरम करता येतो. हे नाही करता येत."

"अरे, गोळ्या आहेत त्या. लोक गिळतात. समोर धरून बघत बसत नाहीत."

"मी बघतो."

एवढंच बोलून तो पॅनकडे वळायचा. मागचा वारा बंद करायचा, पॅनच्या तोंडावर झाकण लावायचा आणि गोळ्यांना त्यांच्याच उबेत लोळू द्यायचा. सुट्टी संपून आम्ही परत यायचो तेव्हा झाकण निघालेलं असायचं आणि माल आरशासारखा चमकत असायचा. त्याचा चहा तो काम संपल्यावर प्यायचा, उभ्याउभ्या.

हे तो इथे शिकला नव्हता. त्रेविझोजवळच्या गावात कोवळ्या वयात तो एका मिठाईवाल्याकडे कामाला लागला होता. तिकडे लग्न असो की बारसं, साखर चढवलेले बदाम वाटतात. बदामावर डाग दिसला तर यजमानाची अब्रू जाते. मालक प्रत्येक घाण्यातला एक बदाम उचलून खिडकीकडे धरायचा. खिडकीची चौकट बदामावर उमटलेली दिसली पाहिजे. नाही दिसली तर सगळा घाणा परत पॅनमध्ये. ओत्ताविओने मार खाल्ला तो चोरी केली म्हणून नाही, चौकट वाकडी दिसली म्हणून.

पन्नासच्या दशकात तो बोटीने इकडे आला. आधी काचघरातल्या टोमॅटोवर राबला. मग जेम्माशी लग्न केलं, फिंडनला घर घेतलं, आणि कोणीतरी सांगितलं की गोळ्यांच्या कारखान्यात पॅन आहेत. पहिल्या दिवशी त्याला इंग्रजीत काय विचारलं ते त्याला कळलं नाही. त्याने पॅन चालू करून दाखवला. त्याला घेतलं.

मग साखरेचे दिवस संपले. गोळीवर पुटंच्या पुटं चढवायची कशाला, पातळ रंगाचा एक फवारा मारला की झालं, असा जमाना आला. त्यासाठी नवीन यंत्रं आली. आमचे तांब्याचे पॅन एकेक करून भंगारात गेले. ऐंशीचं दशक लागलं तेव्हा दोनच उरले होते, ओत्ताविओचा आणि केलचा. तेही उरले ते डॉक्टर जुडिथ पेन्हॉलमुळे.

जुडिथ वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत होती. मूंटाकडच्या, तांब्याच्या खाणीत पिढ्या घालवलेल्या घरातली. हसली की अख्ख्या जिन्यात ऐकू यायचं. ती दम्याच्या औषधावर काम करत होती. पहिल्या दिवशी चहाचा मग घेऊन खाली आली आणि पॅनच्या कडेला टेकून तिने सांगितलं.

"औषध चांगलं आहे. फक्त घाईचं आहे. गोळी घेतली की सगळं एकदम रक्तात. छाती धडधडते, हात थरथरतात. मग तितक्याच लवकर संपतं आणि पहाटे परत दम लागतो. लोक गजर लावून गोळी घ्यायला उठतात. मला ते औषध सावकाश सोडायचंय. दिवसभर, थोडं थोडं."

"म्हणजे नळ गळका ठेवायचा," केल म्हणाला.

"बरोबर. पण एक नळ नाही. साखरेचे मोहरीएवढे दाणे घ्यायचे, त्यांच्यावर औषधाचं पुट, त्यावर एक पातळ कातडी. असे शेकडो दाणे एका कॅप्सूलमध्ये. आणि सगळे सारखेच गळके पाहिजेत."

"कातडी कशाची?" ओत्ताविओने विचारलं.

तिने बादली दाखवली. दुधासारखं पांढरं द्रावण. त्याने बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला.

"साखर नाही."

"नाही."

"मग पाक कसा कळणार?"

"तेच तुमच्याकडून हवंय. वर माझं यंत्र घमेल्याएवढं आहे. तिथे जमतं. इथे एवढ्या मोठ्या पॅनमध्ये जमेल की नाही, मला माहीत नाही."

तिला माहीत नव्हतं ते तिने सांगून टाकलं, म्हणून ओत्ताविओला ती आवडली. त्याने झारी ठेवली आणि फवारा हातात घेतला.

त्याच आठवड्यात मॅनेजर लिंडसे खोलीत आला. त्याने सरळ सांगितलं. या पॅनमधला माल आणि त्या पॅनमधला माल सारखा उतरला पाहिजे, दर वेळी. हिवाळा सरायच्या आत ते जमलं नाही तर औषध परदेशातल्या कारखान्याकडे जाईल आणि ही खोली बंद होईल.

"आणि आम्ही?" केलने विचारलं.

"तू गाडी चालवतोस. तुला गोदामात घेऊ. ओत्ताविओ, तुला खोक्यांवर जागा आहे."

खोक्यांवर म्हणजे पुठ्ठ्याच्या घड्या उघडायच्या, बाटली आत ठेवायची, घडी मिटायची. वाईट काम नाही. बसून करता येतं. पण ओत्ताविओने ऐकून पॅनच्या कडेवर हात ठेवला आणि लिंडसे जाईपर्यंत काढला नाही. त्याला निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती, आणि पॅनशिवाय दुसरं काही तो आयुष्यात शिकला नव्हता.

पहिला माल उतरला. दोघांच्याही ट्रेमधले नमुने मी वर नेले. दुसऱ्या दिवशी जुडिथ खाली आली.

"केल, तुझा जमला."

केलने इकडे तिकडे बघितलं, दुसरा कोणी केल आहे का ते पाहायला.

"आणि ऑटीचा?"

"खूपच सावकाश. दिवस संपला तरी निम्मं औषध आतच."

केलचे दाणे मळकट, पांढुरके होते, वाळत घातलेल्या चुन्यासारखे. ओत्ताविओचे चमकत होते. लहान पोरालाही विचारलं असतं तर त्याने ओत्ताविओचेच उचलले असते.

"पुन्हा करतो," ओत्ताविओ म्हणाला.

पुन्हा केलं. त्याने फवारा आणखी बारीक ठेवला. दाणे चिकटू नयेत म्हणून हाताने सतत मोकळे केले. जेवायला गेला नाही. जेम्माने दिलेला सलामीचा पाव संध्याकाळी तसाच परत नेला. माल पहिल्यापेक्षा देखणा उतरला. आणि पहिल्यापेक्षा जास्त सावकाश निघाला. केलचा परत जमला. त्या दिवशी केलने अर्धा वेळ पोर्टच्या नव्या खेळाडूबद्दल बोलण्यात घालवला होता.

"ऑटी, तुला शिकवू का? फी घेणार नाही."

"तू माझ्या पॅनपासून लांब राहा."

"जास्त मेहनत करू नकोस एवढंच सांगतो. मला बघ."

"तुलाच बघतोय. म्हणून तर पोटात दुखतंय."

जुडिथने मग पूर्ण दिवस आमच्या खोलीत काढला. स्टुलावर बसून तिने ओत्ताविओच्या हाताची प्रत्येक हालचाल पाहिली. फवारा किती, वारा किती गरम, पॅन किती जोरात. सगळं तिने सांगितल्याप्रमाणेच होतं, किंबहुना जास्त नेटकं. फवारा संपला. "आता वाळले की काढा," ती म्हणाली. घंटा वाजली. केल गेला. ओत्ताविओ तिला म्हणाला, "डॉक्टर, तुम्हीही चहा घ्या. सकाळपासून बसलायत." ती उठून गेली. परत आली तेव्हा दाणे ट्रेमध्ये होते, चमकत. आणि तो मालही बिघडलेलाच निघाला.

लिंडसेने या वेळी खाली यायचीही तसदी घेतली नाही. जिन्यातूनच विचारलं, "एकट्या केलच्या पॅनवर होईल का?" जुडिथ म्हणाली, नाही, एका माणसाच्या हातावर औषध उभं करता येत नाही. दुसऱ्याच्या हातून का बिघडतंय ते कळलं नाही तर केलच्या हातून का जमतंय तेही कळलेलं नाही.

मग तिने ओत्ताविओला वर बोलावलं. नमुन्यांचे ट्रे घेऊन मीही गेलो. इतकी वर्षं त्या इमारतीत काढून ओत्ताविओ पहिल्यांदा तो जिना चढत होता. वर जाण्याआधी त्याने हात धुतले, केस ओले करून मागे बसवले.

टेबलावर काचेची भांडी ओळीने मांडलेली होती. अंगाइतकं कोमट पाणी, आणि प्रत्येकात एक वल्हं संथ फिरणारं. तळाशी दाणे. पोटात गेल्यावर दाण्याचं काय होतं ते इथे काचेतून बघायचं. ठराविक वेळाने जुडिथ नळीने थोडं पाणी काढून घ्यायची आणि त्यात किती औषध उतरलं ते मोजायची.

ओत्ताविओ वाकला. आपला माल पॅनमधून निघाल्यानंतर त्याने कधीच पाहिला नव्हता. तो एकेका भांड्यासमोरून चालत गेला.

"हे माझे. हे माझे. हे केलचे."

"कसे ओळखलेत?" जुडिथने विचारलं. नावं तिने भांड्यांच्या मागच्या बाजूला लावली होती.

"पाण्यातही चमकतायत. बघा."

"केलच्या दाण्यांनी एव्हाना भरपूर औषध सोडलंय. तुमचे नुसते बसलेत."

"माझे चांगले आहेत. गळत नाहीत."

"गळायला पाहिजेत, ओत्ताविओ. गळण्यासाठीच केलेत."

तिने वाकून भांड्यांकडे पाहिलं.

"सुंदर आहेत, मान्य आहे," ती म्हणाली. "पण सुंदर का आहेत? तोच पॅन, तोच फवारा, तीच बादली. केलचे मळकट का?"

"केल वाळले की काढतो आणि उठून जातो."

"कुठे?"

"चहाला."

"आणि तुम्ही?"

"मी वारा बंद करतो. झाकण लावतो. ऊब देतो."

"मी दिवसभर बसले होते. मला तुम्ही झाकण लावताना दिसला नाहीत."

"तुम्हीही चहालाच गेला होतात, डॉक्टर."

जुडिथने कपाळावर हात मारला.

"किती वेळ देता ऊब?"

"खिडकी दिसेपर्यंत."

"कुठली खिडकी?"

त्याने ट्रेमधले चार दाणे उचलून तळहातावर घेतले, तिच्या डोळ्यांसमोर धरले आणि प्रयोगशाळेच्या खिडकीकडे वळवले. मोहरीएवढ्या दाण्यावर खिडकीची चौकट उमटली होती. उभी दांडी, आडवी दांडी. जुडिथने भिंग आणलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग स्टूल ओढून बसली आणि हसायला लागली. जिन्यात ऐकू गेलं असणार.

"वाळले की काढा, असं सांगितलं होतं मी."

"वाळणं वेगळं. होणं वेगळं. हे तर कोणीही करतं. सांगायचं काय त्यात?"

तिने मग त्याला समजावलं. ते पांढरं द्रावण वाळतं तेव्हा त्यातले बारीक थेंब दाण्यावर शेजारीशेजारी बसतात. मध्ये फटी राहतात. औषध त्या फटींतून झिरपतं. पण ऊब मिळाली की थेंब एकमेकांत मिसळतात, तापलेल्या दुधावर साय धरते तसे. फटी बुजतात. कातडी गुळगुळीत होते, चमकते, आणि औषध आत अडकतं.

"म्हणजे मी जितका वेळ दिला तितकं बिघडत गेलं."

"हो."

"दुसऱ्यांदा तर मी जेवलोही नाही."

"म्हणूनच दुसऱ्यांदा जास्त बिघडलं."

ओत्ताविओने तळहातावरचे दाणे परत ट्रेमध्ये सोडले. जिना उतरताना एकच वाक्य बोलला. "केलला सांगू नका."

सांगावं लागलंच. केल खूश झाला. "म्हणजे चहा पिणं हे शास्त्र आहे! इतकी वर्षं मी संशोधन करत होतो, आणि पगार फक्त पॅनचा." आठवडाभर तो बिशपसारखा चालला.

मग जुडिथ एक बाटली घेऊन खाली आली. तिच्यात केलचेच दाणे होते, पहिल्या मालातले, शेल्फवर ठेवलेले.

"केल, हे परत तपासले. हेही सावकाश झालेत."

"मी हात लावला नाही!"

"तू नाही लावलास. त्यांचं त्यांनीच केलं. जे ओत्ताविओने एका सुट्टीत केलं तेच हे दाणे शेल्फवर बसून हळूहळू करतायत. उन्हाळ्यात दुकानात पडून राहिले तर पार ओत्ताविओचे होतील."

केलने बाटली उजेडात धरली. "गद्दार," तो दाण्यांना म्हणाला.

"चूक माझी आहे," जुडिथ म्हणाली. "ऊब द्यायचीच नाही असं चालणार नाही, आणि मनाला येईल तितकी देऊनही चालणार नाही. ती मोजून द्यायची, दोघांनीही सारखी. कातडी पातळ करू. फवारा संपला, दाणे वाळले, की लगेच पॅनमधून ट्रेवर काढायचे आणि गरम कपाटात ठेवायचे. मी सांगेन तेवढा वेळ. त्या वेळात फटी जितक्या बुजायच्या तितक्या बुजतील आणि मग तिथेच थांबतील."

"पॅनमध्ये लोळवून नाही?" ओत्ताविओने विचारलं.

"नाही. पॅनमध्ये एक दाणा जास्त लोळतो, एक कमी. कपाटात सगळ्यांना सारखं."

"आणि चमक?"

"येणार नाही. लोळल्याशिवाय ती येत नाही."

"थोडीसुद्धा?"

"खडूसारखे दिसतील."

त्याने मान हलवली, पण ती हो होती की नाही ते कोणालाच कळलं नाही.

तो टोमॅटोचा रस काढून वर्षभरासाठी बाटल्यांत भरायचा हंगाम होता. फिंडनला गल्लीतल्या अर्ध्या घरांच्या मागच्या अंगणात त्या रविवारी कढया चढल्या होत्या. दरवर्षीप्रमाणे मी ओत्ताविओकडे रस गाळायच्या यंत्राचं हँडल फिरवायला गेलो होतो. जेम्मा बाटल्या भरत होती. ओत्ताविओ कढईसमोर उभा राहून वरचा फेस काढत होता. फेस संपला तरी काढत होता.

"उद्या लिंडसेकडे जातो," तो मला म्हणाला. "खोक्यांवर टाक म्हणून सांगतो."

"का?"

"आयुष्यभर कुणाला मळका माल दिला नाही. आता म्हातारपणी देऊ? खोकं निदान सरळ तरी दिसतं."

जेम्माने हातातली बाटली खाली ठेवली. "काय म्हणाला हा?"

मी सांगितलं.

"तू ते दाणे लग्नात वाटणार आहेस का?" ती त्याला म्हणाली. "कोपऱ्यावरची मॉरीन रोज गजर लावून गोळी घ्यायला उठते. तिला काय आरसा पाहिजे?"

"तुला काम कळत नाही, जेम्मा."

"मला काम कळत नाही? सकाळपासून एवढ्या बाटल्या कोणी भरल्या? तू तर त्या कढईला न्हाऊ घालतोयस. सोड तो झारा! रस झालाय. आता आणखी आटवलास तर करपेल."

त्याने झारा सोडला नाही. ती आली, त्याच्या हातातून काढून घेतला आणि माझ्याकडे दिला. मग त्याला म्हणाली, जरा हळू आवाजात, "चकचकीत करणं तुला येतंच. त्यात आता काय मोठं? चमक यायच्या आधी थांबणं येत नाही तुला. ते शीक. नाही जमलं तर खुशाल जा खोक्यांवर."

सोमवारी तो लिंडसेकडे गेला नाही. पॅनवर आला.

थांबणं सोपं नव्हतं. ज्यांना काम टाळायची सवय असते त्यांना हे कळणार नाही. जो हात अनेक वर्षं एकाच वेळी एकाच ठिकाणी जात आला आहे तो डोक्याला विचारून जात नाही. पहिल्या सरावात फवारा संपला आणि ओत्ताविओने वाऱ्याची खिट्टी बंद केली. बंद केल्यावर त्याला कळलं. तो माल त्याने स्वतःच फेकायला लावला. जुडिथ म्हणाली, क्षणभरच तर होतं, राहू द्या. तो म्हणाला, नको. सारखं म्हणजे सारखं.

दुसऱ्या सरावात त्याने झाकणच खोलीबाहेर नेऊन ठेवलं. तरी त्याचा हात भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीकडे गेला.

शेवटी लिंडसेसमोर करायचा माल आला. दोन्ही पॅन, एकच बादली, एकच दिवस. लिंडसे दाराशी हाताची घडी घालून उभा. जुडिथ मध्ये. हे चुकलं तर खोली बंद करायला लिंडसे हिवाळ्यापर्यंत थांबणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ओत्ताविओने फवारा मारला तो मात्र पूर्वीच्याच निगुतीने. त्यात काही कमी करायचं नव्हतं. कातडी पातळ असली की ती सगळीकडे सारखी बसवणं उलट कठीण. केलनेही त्या दिवशी पोर्टचं नाव काढलं नाही.

फवारा संपला. दाण्यांचा आवाज बदलला. खुळखुळ सुरू झाली.

"वाळले," ओत्ताविओ म्हणाला.

"काढा," जुडिथ म्हणाली.

त्याने पॅन थांबवला. पण मी ट्रे पुढे धरला तरी त्याचे हात हलेनात. तो पॅनच्या आत बघत होता. दाणे तिथे पडले होते, पांढुरके, निस्तेज, अजून गरम. थोडाच वेळ लागला असता.

"ऑटी," केल पलीकडून म्हणाला, "हात खिशात."

लिंडसेला काही कळलं नाही. ओत्ताविओने खरोखरच हात खिशात घातले. दोन पावलं मागे सरला. मग मला म्हणाला, "तू काढ."

मी फावडीने काढून ट्रेवर पसरले. ट्रे गरम कपाटात गेले. जुडिथने दार लावलं. घंटा वाजली. केलने ओत्ताविओच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला दारातून पुढे ढकललं. चहाच्या खोलीत कुठे बसायचं ते ओत्ताविओला माहीत नव्हतं. प्रत्येकाची जागा ठरलेली होती. तो उभाच राहिला, तेव्हा केलने खिडकीजवळचं आपलं वर्तमानपत्र उचललं आणि म्हणाला, "बस. पण सवय लावून घेऊ नकोस."

दाणे तपासून झाल्यावर जुडिथ स्वतः खाली आली. हातात काही नव्हतं.

"सारखे," ती म्हणाली.

"कोणाचे?" केलने विचारलं.

"दोघांचेही. गरम जागेत ठेवून पाहिले, तरी सारखे. कोणते कोणाचे ते मला ओळखता येत नाही."

ओत्ताविओ फवाऱ्याचं तोंड पुसत होता. "म्हणजे माझे केलसारखे आलेत."

"हो."

"अगदी?"

"अगदी."

"देवा," तो म्हणाला, आणि पुसत राहिला. पण त्याचे खांदे इतक्या महिन्यांनी खाली आले होते. ते मी पाहिलं.

खोली राहिली. दोन्ही पॅन राहिले. औषध बाजारात गेलं, आणि ओत्ताविओ निवृत्त होईपर्यंत त्याच पॅनवर त्याच पायावर उभा राहिला. मॉरीनचा गजर बंद झाला की नाही ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पण माल बाजारात जायच्या आधी एकदा तो आपणहून जिना चढून वर गेला, बोलावलेलं नसताना. मला मुद्दाम बरोबर घेतलं. जुडिथच्या टेबलावर रिकाम्या कॅप्सूलचे नमुने पडले होते. काही स्वच्छ काचेसारख्या, काही गडद तपकिरी.

"डॉक्टर, यातली कोणती?"

"अजून ठरलं नाही. विक्रीवाल्यांना पारदर्शक हवी आहे. आतले दाणे दिसले की लोकांना नवल वाटतं, म्हणतात."

ओत्ताविओचा चेहरा पडला. त्याने एक तपकिरी कॅप्सूल उचलली आणि तिच्यासमोर टेबलावर मधोमध ठेवली.

"ही घ्या."

"का?"

"माल उत्तम आहे. काम चोख करतो. पण असला चेहरा घेऊन त्याने लोकांसमोर जाऊ नये."

जुडिथ ओठ दाबून हसली. मग तिने ती तपकिरी कॅप्सूल उचलली आणि आपल्या कोटाच्या खिशात टाकली.

"विक्रीवाल्यांना सांगते, उजेडाने औषध खराब होतं म्हणून."

"होतं का?"

"थोडंसं. पण त्यांना पुरेल."

ओत्ताविओने समाधानाने मान डोलावली, आणि आम्ही खाली पॅन चालू करायला गेलो.